मदत हवी आहे: क्युब्स ओएस दिवसातून तीन-चारदा बंद पडते

राजेहो, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात माझं छोटं ऑनलाइन सेंटर आहे. सातबारा, पीक विमा, आधारच्या झेरॉक्स. लोकांचे पेन ड्राइव्ह म्हणजे व्हायरसचं गोदाम, म्हणून जुन्या लॅपटॉपवर क्युब्स ४.२ टाकलं. ही ऑपरेटिंग सिस्टिम प्रत्येक काम वेगळ्या बंद कप्प्यात, म्हणजे क्यूबमध्ये (एक प्रकारचा आभासी संगणक) चालवते. पेन ड्राइव्ह वेगळ्या क्यूबमध्ये उघडतो, बँकेचं काम वेगळ्यात. कल्पना एकदम पटली.

पण चार क्यूब चालू झाले की स्क्रीन गोठते, माउससुद्धा हलत नाही. कधी झाकण लावून उघडलं की काळी स्क्रीन. मग बटण दाबून धरायचं. काल एका काकांचा अर्धा भरलेला फॉर्म गेला, त्यांनी काय काय ऐकवलं ते सांगत नाही.

रॅम ८ जीबी आहे. कमीत कमी ६ लागते, १६ असावी म्हणतात, हे माहीत आहे. टिनाखाली बसतो, ऊनही मरणाचं. पण सकाळी सात वाजताही हेच होते, म्हणून नुसत्या गरमीवर ढकलवत नाही. रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) चालवली, एरर नाही. बायोसमध्ये व्हीटी-एक्स, व्हीटी-डी (आभासी संगणक चालवायला लागणाऱ्या इंटेलच्या सोयी) चालू आहे. डॉम-झिरोमध्ये (बाकी क्यूब सांभाळणारा मुख्य भाग) आधीच्या बूटचा जर्नल (सिस्टिमच्या नोंदी) पाहिला तर तो मधेच तुटतो, शेवटी काहीच नाही.

आता डॉम-झिरोत कर्नल-लेटेस्ट (लिनक्सचं नवं कर्नल) टाकून पाहू, की प्रत्येक क्यूबची कमाल मेमरी ४००० एमबीवरून खाली आणू? झेनचा (ज्याच्यावर सगळे क्यूब चालतात तो खालचा थर) लॉग कुठं पाहायचा? रॅम घ्यायला यवतमाळले जावं लागते, म्हणून आधी विचारतो.