ऑफिसची वेबसाइट सामायिक सीएमएसवर न्यावी का?

साक्रीकर:
नमस्कार मंडळी. धुळे जिल्ह्यातलं एक सरकारी ऑफिस आहे, नाव नको, तिथं वेबसाइटचं काम माझ्याकडे आलंय. साइट 2016 ला एका एजन्सीकडून बनवून घेतलेली, ती एजन्सी आता फोन उचलत नाही, पासवर्ड त्यांच्याकडे, डोमेनसुद्धा त्यांच्याच नावावर, आणि मागच्या महिन्यात होमपेज उघडलं की जुगाराची साइट यायची, चार दिवस तसंच चाललं, गावातली माणसं फोन करून सांगायची आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं, फार वाईट वाटलं. आता साहेब म्हणताहेत एसथ्रीवासवर न्या, म्हणजे सरकारी साइट जिथे बनतात आणि चालतात त्या सामायिक सिस्टीमवर (सीएमएस). पण इतक्या ऑफिसच्या साइट एकाच सिस्टीमवर, एक फुटली की सगळ्या फुटणार ना? आणि आमच्या सातशे पीडीएफचं काय?

तापीकाठ:
भाऊ, आमनाकडे बी असंच व्हयनं. एसथ्रीवास एनआयसीची, म्हणजे केंद्र सरकारच्या संगणक संस्थेची आहे, साइट सरकारी क्लाउडवर राहते. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांच्या साइट त्याच्यावरच आहेत. तुझी भीती खोटी नाही, सामायिक सिस्टीममध्ये भोक पडलं तर सगळ्यांनाच धोका. पण ते बुजवतातही एकाच जागी सगळ्यांसाठी. आत्ता तुझ्या साइटचे प्लगइन (वरून जोडलेले छोटे प्रोग्राम) कोणी शेवटचे अपडेट केले सांग बरं? घुसणारा तिथूनच घुसतो. सोडावं काय लागतं तर मनासारखं प्लगइन टाकता येत नाही, स्वतःचा कोड चालत नाही. पाणीपट्टी भरायचं वगैरे ऑनलाइन काही असेल तर ते वेगळंच ठेवायचं आणि साइटवरून लिंक द्यायची.

यावलची लेक:
पीडीएफचं मी सांगते कारण माझा जीव त्यात अडकलाय. माझे मामा दृष्टिहीन आहेत, मोबाइल वाचून दाखवतो त्याच्यावर सगळं करतात. केळीच्या पीकविम्याची यादी एका ऑफिसने कागद तिरपा स्कॅन करून टाकलेली, मोबाइल एक अक्षर वाचेना, शेवटी मी तीनशे नावं बघून त्यांचं शोधलं. सरकारी साइटसाठी जीआयजीडब्ल्यू नियमावली 2009 पासून आहे, 2023 ची तिसरी आवृत्ती तर स्पष्ट सांगते की अपंग माणसाला साइट वापरता आली पाहिजे. नवी सिस्टीम रंग, अक्षराचा आकार, मेनू हे नीट करून देईल, पण आतमध्ये तुम्ही स्कॅन केलेला फोटोच टाकला तर तो मुकाच राहणार. आणि जुनं मॅटर श्रीलिपीत, म्हणजे जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं असेल तर आधी युनिकोडमध्ये (कुठल्याही मोबाइलला वाचता येतं ते) बदला, बदलल्यावर जोडाक्षरं आणि रफार माणसाने डोळ्यांनी तपासा, नाहीतर नावंच चुकतात. सातशेच्या सातशे नेऊ नका, लोक उघडतात त्या आधी.

पारोळ्याचा पोऱ्या:
दोघांचं बरोबर. मी फक्त डोमेनचं बोलतो. नवा पत्ता गव्ह डॉट इनचा घ्या आणि ऑफिसच्या नावावर घ्या, एजन्सीच्या नाही. जुना पत्ता लगेच सोडू नका, त्याचं भाडं भरत राहा, कारण सोडला की दुसरा कोणी विकत घेतो आणि लोक तुमचंच ऑफिस समजून तिथे आधार नंबर टाकतात. माहिती अधिकाराच्या उत्तरांत, व्हॉट्सअ‍ॅपवर, नोटीस बोर्डावर जुन्या लिंक असतातच, त्यांची यादी काढून जुनी लिंक दाबली की नवं पान उघडेल अशी सोय करून घ्या. हे साइट हलवायच्या आधी, नंतर कोणी करत नाही.

साक्रीकर:
खूप आभार सगळ्यांचे. एजन्सीला डोमेन ऑफिसच्या नावावर करून द्या असं लेखी पत्र उद्याच टाकतो, साहेबांची सही घेऊन. ताई, तुमचं वाचून ठरवलं, माहिती अधिकाराच्या कलम 4 चे 17 मुद्दे (ऑफिसने स्वतःहून जाहीर करायची माहिती) आणि लाभार्थ्यांच्या याद्या आधी, त्यापण टाइप करून, स्कॅन नाही. आमच्याकडे टाइपिंगला एकच मुलगी आहे, तर श्रीलिपीचं युनिकोड करायला कोणी कुठला कन्व्हर्टर वापरला ते सांगा, विशेषतः आकड्यांचे तक्ते नीट येतात का.