मदत हवी आहे: पॉइंट टू-टू टार्गेट रायफलसाठी परवडणारा स्कोप कोणता घ्यावा?

अंत्रुजकर
नमस्कार. माझ्याकडे .२२ ची बोल्ट अ‍ॅक्शन रायफल असून तिच्यावर स्कोप, म्हणजे नेम धरण्याची दुर्बीण, बसवायचा आहे. पंधरा हजार रुपयांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे. या रकमेत एक ६-२४×५० स्कोप (६ ते २४ पट मोठे दाखवणारा, ५० मिमी भिंगाचा) मिळतो आहे, ज्याच्या क्रॉसहेअरला, म्हणजे आतल्या नेमाच्या रेषांना, लाल-हिरवा दिवा आहे, आणि दुसरा एक साधा ३-९×४० आहे. आकडा जितका मोठा तितका स्कोप चांगला, असे दुकानदाराचे म्हणणे आहे. पुढच्या आठवड्यात पैसे भरायचे आहेत, म्हणून कृपया थेट नाव सांगावे. ‘गरजेवर अवलंबून आहे’ अशा स्वरूपाची उत्तरे इतरत्र भरपूर वाचून झाली आहेत.

नेम_अचूक
नाव सांगता येईल, परंतु आपण किती अंतरावर नेम धरणार आहात, हेच लिहिलेले नाही. रायफल कोणती आहे, तिच्या वरच्या बाजूला खाचा आहेत की वेगळी रेल बसवावी लागणार आहे, नेमबाजी उभ्याने करणार की बेंचवर टेकवून, आणि ज्या स्पर्धेसाठी हे सारे चालले आहे तिथे स्कोप चालतो का, एवढे कळल्याशिवाय सुचवलेले कोणतेही नाव म्हणजे निव्वळ अंदाज ठरेल.

जुना_नेमबाज
माझे मत विचारले नसले तरी सांगतो. स्कोपचा नाद सोडावा आणि त्याच पैशात चांगली पीप साइट, म्हणजे बारीक छिद्रातून नेम धरण्याची साइट, घ्यावी. ऑलिंपिकच्या ५० मीटर रायफल प्रकारात रायफलीवर भिंगाची साइट लावण्यास मुळात परवानगीच नाही. २०२४ साली पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळे यांनी थ्री पोझिशन्स (गुडघ्यावर, पालथे आणि उभे) प्रकारात ४५१.४ गुण मिळवून कांस्यपदक जिंकले आणि २०१० साली म्युनिकमध्ये तेजस्विनी सावंत ५० मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथे पडून मारण्याच्या प्रकारात, विश्वविजेत्या झाल्या, त्या दोघांच्याही रायफलीवर दुर्बीण नव्हती. स्कोप लावल्याने लक्ष्य मोठे दिसते, हात स्थिर होत नाही.

अंत्रुजकर
अंतर अर्थातच ५० मीटर आहे, .२२ ने आणखी किती लांब मारणार? मी ऑलिंपिकला निघालेलो नाही. चाळिशी उलटल्यापासून पुढची साइट धूसर दिसते, त्यामुळे पीप साइटचा सल्ला माझ्या उपयोगाचा नाही. आमच्या रेंजवर काही मंडळी बेंचवर वाळूच्या पिशव्यांवर रायफल टेकवून आपापसांत स्पर्धा घेतात आणि तिथे स्कोप चालतो. रायफल जुनी ब्रनो मॉडेल २ आहे आणि परवाना रीतसर आहे. एका मित्राचा ३-९×४० लावून पाहिला, तेव्हा ९ वर टार्गेटची वर्तुळे अस्पष्ट दिसत होती, म्हणूनच मला जास्त मॅग्निफिकेशन हवे आहे. आता तरी नाव सांगा.

वाळपईकर
आमच्याकडे गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात कुळागराच्या (सुपारीच्या बागेच्या) राखणीसाठी वडिलांच्या काळापासून परवान्याची बारा बोअरची बंदूक आहे. तिला कधीही स्कोप लागला नाही आणि लागणारही नाही, कारण माकडे असोत वा रानडुकरे, ती नुसत्या आवाजानेच पळतात. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा बाब: निवडणुकीची आचारसंहिता लागली आणि हत्यार पोलीस ठाण्यात जमा करण्याचा आदेश निघाला, तर स्कोपसकट द्यायचे की काढून घरी ठेवायचे, हे आधीच विचारून ठेवा. महागाची वस्तू दोन महिने कोठडीत धूळ खात पडलेली बरी नव्हे.

नेम_अचूक
वाळपईकरांचा बंदुकीचा मुद्दा इथे लागू नाही, पण आचारसंहितेचा मुद्दा महत्त्वाचा आहे. स्कोप काढून पुन्हा बसवला की झिरो (नेम आणि गोळी एका जागी पडण्याची जुळणी) बदललेला असतो असे गृहीत धरून कागदावर तो नव्याने साधावा लागतो, आणि तेवढी काडतुसे हाताशी ठेवावी लागतात.

आता मूळ प्रश्न. मित्राच्या स्कोपमधून टार्गेट अस्पष्ट दिसले, त्याचे कारण मॅग्निफिकेशन कमी पडले हे नसून पॅरलॅक्स असण्याचीच शक्यता अधिक आहे. मोठ्या काडतुसांच्या रायफलींसाठी बनवलेले साधे स्कोप बहुधा कारखान्यातच १०० यार्डांवर, म्हणजे सुमारे ९१ मीटरवर, कायमचे जुळवलेले असतात. टार्गेट त्या अंतरावर नसेल, तर त्याची प्रतिमा आणि क्रॉसहेअर एका प्रतलात पडत नाहीत आणि डोळा किंचित बाजूला सरकला तरी क्रॉसहेअर टार्गेटवरून सरकलेले दिसते. ४० मिमी भिंगाचा, ९१ मीटरवर जुळवलेला स्कोप ५० मीटरवर वापरला आणि डोळा अगदी कडेला गेला, तर नेम सुमारे ९ मिमी चुकू शकतो. आंतरराष्ट्रीय ५० मीटर टार्गेटवरच्या दहाच्या वर्तुळाचा व्यासच १०.४ मिमी आहे. हेच गणित ५० यार्डांवर जुळवलेल्या रिमफायर (.२२ सारख्या छोट्या काडतुसांच्या) स्कोपसाठी मांडले, तर चूक २ मिमीच्या आत येते. ज्या स्कोपची पुढची कडी फिरवून अंतर जुळवता येते, त्यात ती जवळजवळ नाहीशी करता येते. अशा स्कोपच्या नावापुढे ‘एओ’ ही अक्षरे असतात.

२४ पट मॅग्निफिकेशनवर ५० मिमीच्या भिंगातून डोळ्यापर्यंत पोहोचणारा प्रकाशाचा झोत जेमतेम २ मिमी रुंद उरतो, त्यामुळे चित्र अंधूक होते आणि डोके केसभर हलले तरी काळे पडते. शिवाय आपल्याकडे दहा वाजल्यानंतर तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरू लागली, की तीही २४ पट मोठी होऊन दिसते. कागदावर नेम धरणाऱ्याला लाल-हिरव्या दिव्याचा काहीही उपयोग नाही.

म्हणून ५० मीटरवर बेंचसाठी ४-१२×४० एओ या मापाचा स्कोप पाहावा. हॉक व्हँटेज मालिकेत या मापाचा स्कोप आहे. तो बजेटमध्ये बसत नसेल, तर व्हॉर्टेक्स क्रॉसफायर २ चा २-७×३२ रिमफायर पाहावा, जो मुळातच ५० यार्डांवर जुळवलेला असतो.

मांडवीकाठ
पॅरलॅक्सचा एवढा बाऊ करण्याचे कारण नाही. डोळा स्कोपच्या बरोबर मध्यावर ठेवला, म्हणजे चित्राभोवतीची काळी कडा सगळीकडून सारखी दिसली, तर चूक शून्य होते, मग स्कोप १०० यार्डांचा असो वा २००चा. ज्याला एवढी शिस्त जमत नाही, त्याने एओसाठी पैसे मोजावेत. आणि तरीही बदल हवाच असेल, तर साध्या ३-९×४० च्या पुढची कडी उघडून आतले भिंग किंचित फिरवले की स्कोप ५० मीटरवर जुळतो. मी स्वतः हे केले आहे आणि त्याला एक रुपयाही लागला नाही.

पावसाळी_डिचोली
मांडवीकाठ, आपण सांगितलेली युक्ती खरी आहे, पण ती गोव्यात कोणी करू नये. त्या स्कोपच्या नळीत कोरडा नायट्रोजन भरून सील केलेले असते. कडी उघडून भिंग फिरवले की सील गेले असेच समजावे. त्यानंतर जूनमध्ये आतून वाफ धरते आणि सप्टेंबर उजाडेपर्यंत भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पसरते. ती भिंगावरचा लेपच खाते, त्यामुळे नंतर कितीही साफ केले तरी चित्र पूर्ववत होत नाही. वाचवलेले पैसे दुसऱ्या स्कोपवर खर्च करावे लागतील.

धागाकर्त्यांनीही पावसाळ्यात रायफल आणि स्कोप फोमच्या पेटीत बंद करून ठेवू नयेत. फोम ओलावा धरून ठेवतो आणि महिन्याभरात रायफलीच्या नळीवर गंज दिसू लागतो. कपाटात सिलिका जेलच्या पिशव्या ठेवाव्यात आणि त्या वेळोवेळी तापवून कोरड्या कराव्यात.

मांडवीकाठ
माझ्या स्कोपला अद्याप बुरशी लागलेली नाही.

नेम_अचूक
मांडवीकाठ यांचे डोळा मध्यावर ठेवण्याविषयीचे म्हणणे तत्त्वतः बरोबर आहे. परंतु ब्रनो मॉडेल २ चा दस्ता उघड्या साइटसाठी बनवलेला असल्यामुळे स्कोप लावल्यावर गाल खाली राहतो आणि डोळा उंचावर न्यावा लागतो. तासभर बेंचवर बसल्यानंतर मान थकते आणि गालाची जागा नकळत बदलते. दस्त्यावर गालाखाली पट्टी बांधली, तर त्यावर थोडा उपाय होतो. आपला स्कोप कितपत चुकतो हे पाहायचे असेल, तर रायफल पिशव्यांवर पक्की बसवावी, तिला हात न लावता डोळा डावी-उजवीकडे हलवावा आणि क्रॉसहेअर टार्गेटवर किती सरकते ते पाहावे.

तिस्क_फोंडा
स्कोपवर एवढी चर्चा झाली, पण काडतूस कोणते वापरता हे कोणीच विचारले नाही. प्रत्येक .२२ ची नळी निराळ्या काडतुसाला दाद देते, आणि एकाच कंपनीच्या दोन लॉटमध्येही फरक पडतो. ध्वनीपेक्षा कमी वेगाचे, म्हणजे सेकंदाला साधारण ३३० मीटरच्या आतले, स्टँडर्ड व्हेलॉसिटीचे काडतूस घेऊन पाहावे. वेगवान काडतुसाची गोळी वाटेत ध्वनीच्या वेगाखाली येते आणि तिथेच बिघडते. आधी दोन-तीन प्रकारांचे ग्रुप (एकाच जागी नेम धरून मारलेल्या गोळ्यांच्या भोकांचे पुंजके) कागदावर काढून पाहा, मग स्कोपवर खर्च करा.

अंत्रुजकर
काडतुसाविषयी मी काही विचारले नव्हते. रेंजवर जे मिळते तेच वापरतो, आणि पुढची साइट धूसर दिसत असताना ग्रुप कशाचा मोजायचा?

मित्राच्या स्कोपवर वरची चाचणी आज करून पाहिली. क्रॉसहेअर दहाच्या वर्तुळाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ फिरते. त्यामुळे ६-२४ चा विचार सोडला आहे. ४-१२×४० एओ माझ्या रकमेपेक्षा थोडा वर जातो, पण तोच घेईन. त्याच्या क्लिकचे (नेम सरकवण्याच्या एका टप्प्याचे) माप पाव एमओए (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) असे लिहिले आहे, ते ५० मीटरवर पुरेल का? आणि स्कोप रायफलीला पकडून ठेवणाऱ्या रिंग कोणत्या घ्याव्यात? दुकानदार रुंद रेलच्या रिंग गळ्यात मारतो आहे.

नेम_अचूक
पाव एमओएची एक क्लिक ५० मीटरवर सुमारे साडेतीन मिमी सरकवते, म्हणजे दहाचे वर्तुळ तीन क्लिकमध्ये ओलांडले जाते. बेंचवर याहून बारीक क्लिक असती तर बरे झाले असते, पण या किमतीत हे पुरेसे आहे.

दुकानदाराच्या रिंग घेऊ नका. आपल्या रायफलीच्या वरच्या भागावर ज्या लांबीच्या दिशेने खाचा कोरलेल्या आहेत त्यांना डव्हटेल म्हणतात आणि त्यांचे माप साधारण ११ मिमी असते. व्हर्निअर कॅलिपरने स्वतः मोजून तेवढ्याच मापाच्या आणि स्कोपच्या २५.४ मिमी नळीला बसणाऱ्या रिंग मागवाव्यात. उंची ठरवताना दोन ठिकाणी अडते. बोल्ट उचलला की त्याची मूठ स्कोपच्या मागच्या जाड भागाला लागते, आणि एओ स्कोपचे पुढचे टोक रुंद असल्यामुळे ते नळीवरच्या मागच्या साइटला टेकू शकते. त्यामुळे अगदी बुटक्या रिंग चालणार नाहीत, मध्यम उंचीच्या घेऊन आधी स्क्रू न आवळता ठेवून पाहाव्यात. विकत घेण्यापूर्वी दुकानदार बदलून देईल का, हेही विचारून घ्या.

स्कोप बसवल्यावर सर्वांत आधी मोकळ्या आकाशाकडे धरून मागचे भिंग फिरवावे आणि क्रॉसहेअर स्वच्छ करून घ्यावे. ही जुळणी आपल्या डोळ्यासाठी असते, अंतरासाठी नव्हे, आणि चाळिशीनंतर ती वगळून चालत नाही. त्यानंतरच पुढची कडी ५० मीटरवर आणावी. कडीवर छापलेल्या आकड्यावर विसंबू नये, वरचीच डोळा हलवण्याची चाचणी करून क्रॉसहेअर जिथे स्थिर राहील, तिथे रंगाची खूण करून ठेवावी.

जुना_नेमबाज
मागच्या साइटला स्कोप टेकतो म्हणून ती काढून टाकायला सांगणारे कारागीर पुष्कळ भेटतील. ब्रनोची ती मूळ साइट पुन्हा सहजासहजी मिळत नाही. त्यापेक्षा रिंग अर्धा सेंटिमीटर उंच घ्या. आणि पुढची साइट धूसर दिसत असेल, तर पीपचे छिद्र लहान केल्यावरही ती स्पष्ट होते, हे कोणी सांगितले नाही म्हणून सांगतो.

अंत्रुजकर
साइट काढणार नाही. रिंग मध्यम उंचीच्या, ११ मिमीच्या मागवतो आहे.