वादळात लाइट गेली तर लाइटनिंग ट्रकवर घर चालेल का?

केटीकर: ह्यूस्टनजवळ केटीला राहतो. जुलै २०२४ च्या बेरिल वादळात इकडे वीस लाखांवर ग्राहकांची वीज गेली, त्यात आम्हीही. बाबांचं इन्सुलिन फ्रिजमध्ये असतं, नुसता जीव टांगणीला! सेकंडहँड फोर्ड एफ-१५० लाइटनिंग, म्हणजे बॅटरीवर चालणारा पिकअप ट्रक, बघतोय. फ्रिज आणि एसी ओढेल का?

शुगरलँडची ताई: आमच्याकडे आहे. मोठ्या बॅटरीत १३१ युनिट वीज मावते. फ्रिज, पंखे, दिवे, वायफाय मिळून दिवसाला सात युनिट धरलेत तरी दोन आठवडे निघतात. जनरेटरसारखा धूर नाही, कार्बन मोनॉक्साइडची भीती नाही. इन्सुलिनचं टेन्शन सोडाच. ट्रकच्या हौद्यातल्या सॉकेटला एक्स्टेन्शन लावून फ्रिज थेट चालतो. सेंट्रल एसीचं मात्र वेगळं. कॉम्प्रेसर सुरू होताना जोरात करंट खेचतो, तो झटका कमी करणारा सॉफ्ट स्टार्टर बसवून घ्या. नाहीतर बाबांच्या खोलीपुरता खिडकीचा एसी. आणि घेताना आउटपुट, म्हणजे ट्रक एका वेळी किती वीज देतो, ते नक्की तपासा: काहींत ९.६ किलोवॅट मिळतं, साध्या प्रो मॉडेलमध्ये २.४ च.

वायरिंगवाला: एक हात जोडून विनंती. ट्रान्सफर स्विच किंवा इंटरलॉक (घराला एका वेळी लाइन किंवा ट्रक, एकाचीच वीज मिळू देणारी सोय) नसताना घराच्या पॅनेलला ट्रक जोडू नका. वीज उलटी लाइनवर गेली तर खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव जाईल. लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या, परमिटसकट.

केटीकर: ताई, दादा, मनापासून आभार. ९.६ वालाच शोधतो. इलेक्ट्रिशियनला उद्याच फोन लावतो.