क्रिएटिनिन स्थिर असताना बीके विषाणूसाठी औषधात कपात कशासाठी?

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाच्या मूत्रपिंड प्रत्यारोपणाला आता चौथा महिना चालू आहे. क्रिएटिनिन (मूत्रपिंड नीट काम करते का हे दाखवणारा रक्तातील घटक) स्थिर आहे, लघवी व्यवस्थित होते आणि ताप वगैरे कोणतीही तक्रार नाही. तरीही नेमाच्या रक्ततपासणीत बीके विषाणू आढळल्यामुळे डॉक्टरांनी मायकोफिनोलेटची (प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळीची) मात्रा निम्मी केली आहे. ज्या गोळ्या एकदाही चुकवू नका असे आम्हाला बजावले होते, त्याच कमी केल्या तर शरीर नवे मूत्रपिंड नाकारणार नाही का? विषाणूवर थेट औषध का दिले जात नाही?

उत्तर १ : हा विषाणू बहुतेकांच्या शरीरात लहानपणीच शिरतो आणि मूत्रपिंडात व मूत्रमार्गात निपचित पडून राहतो. १९७१ मध्ये त्याची प्रथम नोंद झाली तीही एका प्रत्यारोपित रुग्णाच्या लघवीतून, आणि त्या रुग्णाचीच आद्याक्षरे त्याला चिकटली. औषधांनी प्रतिकारशक्ती दबली की तो आधी लघवीत, मग रक्तात दिसू लागतो आणि पुढे मूत्रपिंडाला इजा करतो. क्रिएटिनिन वाढते ते या शेवटच्या टप्प्यावर, म्हणजे नुकसान सुरू झाल्यानंतर. म्हणूनच पहिले नऊ महिने दरमहा आणि त्यानंतर दोन वर्षे पूर्ण होईपर्यंत दर तीन महिन्यांनी रक्ताची पीसीआर चाचणी (विषाणूचा जनुकीय अंश मोजणारी) करावी, असे २०२४ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशी सांगतात.

बीकेवर खात्रीने गुणकारी ठरलेले औषध अद्याप नाही. त्याला आवरते ती रुग्णाची स्वतःची प्रतिकारशक्तीच, आणि तिला वाव मिळावा म्हणून मात्रा उतरवतात. मूत्रपिंड नाकारले जाण्याचा धोका त्यामुळे थोडा वाढतो हे खरे आहे. म्हणून या काळात क्रिएटिनिन आणि टॅक्रोलिमस या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या दुसऱ्या औषधाची रक्तातील पातळी अधिक वेळा पाहतात. घरच्यांनी मात्र स्वतःच्या मनाने एकही गोळी कमी-जास्त करू नये.

उत्तर २ : हाच न्याय सर्व विषाणूंना लावू नये. प्रत्यारोपणानंतर त्रास देणाऱ्या सायटोमेगॅलो या दुसऱ्या विषाणूवर व्हॅल्गॅन्सिक्लोव्हिर ही गोळी आहे, आणि दात्याला पूर्वी संसर्ग झालेला असून रुग्णाला झालेला नसेल, तर ती गोळी प्रतिबंधासाठी बहुधा सहा महिने देतात. बीकेवर तिचा उपयोग नाही. मी स्वतः प्रत्यारोपित रुग्ण आहे. मला सायटोमेगॅलोचा संसर्ग झाला तो ही गोळी बंद झाल्यानंतर, त्यामुळे ती संपली म्हणजे तपासण्याही संपल्या असे कृपया समजू नये. भावाला ती चालू असल्यास पांढऱ्या पेशींवरही लक्ष असू द्या, कारण ही गोळी आणि मायकोफिनोलेट दोन्ही त्या घटवू शकतात.

उत्तर ३ : एक व्यावहारिक बाब राहिली. रक्तात विषाणूचा आकडा प्रति मिलिलिटर १०,००० जनुकीय प्रतींच्या वर गेला की मूत्रपिंडाला इजा होत असावी असे मानतात आणि गरजेनुसार बायोप्सी (मूत्रपिंडाचा बारीक तुकडा काढून तपासणी) करतात. परंतु दोन प्रयोगशाळांचे आकडे एकमेकांशी जुळतीलच असे नाही, म्हणून पुढचे नमुने त्याच प्रयोगशाळेत द्यावेत. शिवाय मात्रा कमी केल्यावर आकडा उतरायला अनेक आठवडे, कधी काही महिनेही लागतात. पुढच्याच अहवालात तो शून्यावर आला नाही म्हणून उपचार फसला असा निष्कर्ष काढू नये.