मदत हवी आहे: खारेपाटण बंदराच्या जुन्या नोंदी कुठे मिळतील?

नमस्कार मंडळी. सिंधुदुर्गातल्या खारेपाटणच्या वाढीवर लिहितोय. विजयदुर्गच्या खाडीत भरतीबरोबर पडाव (मालवाहू होड्या) थेट इथवर यायचे, माल उतरून घाटावर जायचा. शिलाहार घराण्यातल्या रट्टराजाचा शके 930चा (इ.स. 1008) ताम्रपटही इथलाच, म्हणजे गाव किती जुनं बघा! पुढे खाडी गाळाने भरली आणि बंदर बसलं. 1998 साली कोकण रेल्वे पूर्ण झाली, पण रूळ गावाबाहेरून गेले. माझ्या मते खरा फटका गाळाचाच, रेल्वे फार उशिरा आली.

बाजारपेठेतल्या जुन्या वखारींचे फोटो, जकातीच्या पावत्या, तांडेलांच्या (होडीच्या प्रमुखांच्या) घरच्या वह्या कुणाकडे आहेत का? शेवटचा पडाव धक्क्याला लागलेला पाहिलेलं कुणी जाणतं माणूस असेल, तर कृपया गाठ घालून द्या. मी स्वतः येऊन भेटेन.