बंद मार्गावर लोकल पुन्हा सुरू होतेय: फाटकांच्या जागी पूल की भुयारी मार्ग?

तिसरा_रूळ
एकेरी मार्ग, कित्येक वर्षं फक्त मालगाड्या, त्याही दिवसाला पाच-सहा. आता दर अर्ध्या तासाला दोन्ही बाजूंनी लोकल धावेल, पुढे दर 15 मिनिटांनी. विद्युतीकरण नंतरच्या टप्प्यात आहे. वाटेत सहा फाटकं: एक फलाटाला लागून, दोन वस्तीत, तीन शेतरस्त्यांवर. सगळीकडे उड्डाणपूल हवेतच का? आणि गाड्या सुरू होण्याआधी काय उरकायलाच हवं, मागाहून काय चालेल?

गेटसिग्नल
आधी फाटक तासाला किती मिनिटं बंद राहणार ते काढा. ताशी 120 किमीने येणारी गाडी मिनिटाला 2 किमी कापते. चालकाला वाटेत पिवळा (वेग कमी करा) सिग्नल दिसायला नको असेल, तर त्याच्या नजरेत पहिला सिग्नल येण्याआधीच दांडा खाली येऊन कुलूपबंद झालेला असावा लागतो. म्हणजे गाडी 3-4 किमीवर असतानाच फाटक लागतं. पुन्हा उघडेपर्यंतचा वेळ धरून एका गाडीमागे 3 ते 4 मिनिटं जातात. तासाला 4 गाड्या म्हणजे 12 ते 16 मिनिटं, 8 गाड्या म्हणजे 24 ते 32. हिशोब दुसऱ्या आकड्यावर करा, पहिल्यावर नाही.

भारतीय रेल्वेत यासाठी टीव्हीयू (ट्रेन व्हेइकल युनिट) बघतात, म्हणजे रोजच्या गाड्या गुणिले रस्त्यावरची वाहनं. रोजची 4,000 वाहनं आणि 6 मालगाड्या, तर 24,000. त्यात रोजच्या 50 लोकल आल्या की तेच फाटक 2,24,000 वर. रेल्वे आणि राज्याने निम्मा-निम्मा खर्च उचलून पूल बांधायची कसोटी बरीच वर्षं 1 लाखाची राहिली आहे. रस्त्यावर एकही वाहन वाढलं नाही तरी उंबरठा ओलांडला जातो, आणि गाड्या नसतानाच्या आकड्यांवर केलेले अहवाल इथेच फसतात.

फलाटालगतचं फाटक सगळ्यात त्रासदायक. स्टार्टर सिग्नल (फलाटाच्या टोकाचा, गाडी सोडणारा) आणि रस्ता यांच्यात ओव्हरलॅप, म्हणजे गाडी सिग्नलपुढे घसरली तरी सुरक्षित राहील एवढं मोकळं अंतर, बसत नसेल, तर गाडी फलाटात थांबणार असली तरी ती शिरण्याआधीच फाटक लावावं लागतं. मग चढउतार होऊन गाडी सुटेपर्यंत रस्ता अडलेला. स्टार्टर मागे घ्यावा तर फलाट तोकडा पडतो. पहिला पूल इथेच घाला. इंग्लंडमधल्या नॉर्थम्बरलँड लाइनवर 1964 मध्ये बंद झालेली प्रवासी वाहतूक डिसेंबर 2024 मध्ये पुन्हा सुरू झाली. तिथे न्यूशॅमला नवं स्टेशन बांधताना फाटक काढून रस्ता पुलावरून नेला.

गर्डरवाला
पूल की भुयार, हे बहुतेक वेळा जागाच ठरवते. रुळाच्या माथ्यापासून गर्डरच्या तळापर्यंत साधारण 6.5 मीटर मोकळे सोडा. वायर आज नसली तरी सोडाच, नाहीतर विद्युतीकरणाच्या वेळी पूल उचलावा नाहीतर रूळ खाली घ्यावे लागतील, आणि रूळ खाली घेतले की पाणी साचतं. गर्डर आणि स्लॅबचे मिळून 2 मीटर. झाले 8.5. 1:30 चढाने एका बाजूला 255 मीटर, 1:20 ने 170, वर माथ्याची गोलाई. वस्तीत एवढ्या अंतरात दोन-तीन गल्ल्या आणि कितीतरी घरांची दारं येतात. त्यांना सर्व्हिस रोड द्यायचा तर रुंदी दुप्पट लागते.

भुयारात हिशोब हलका होतो. 5 मीटर मोकळी उंची, वर बॉक्सचा (काँक्रीटच्या चौकोनी बोगद्याचा) स्लॅब, खडी, स्लीपर, रूळ मिळून सव्वा मीटर. 6.25 मीटर, 1:20 ने 125 मीटर. नुसत्या कारसाठी 3.6 मीटर उंची ठेवलीत तर शंभराच्या आत. मात्र दोन्ही तोंडांना उंची-रोधक कमान हवीच, आणि ती इतकी अलीकडे की ट्रकला वळून परत जाता येईल.

तिसरा मार्ग रूळच उचलण्याचा. मेलबर्नमध्ये कॉलफील्ड ते डँडेनाँग पट्ट्यातली नऊ फाटकं तशीच गेली, 2018 मध्ये. फाटकं जवळजवळ असतील तरच परवडतं, कारण 7 मीटर चढायला 1:100 ने दोन्ही टोकांना 700-700 मीटर लागतात. तुमच्याकडे मालगाड्या आहेत, त्यामुळे याहून तीव्र चढ विसरा.

आधी काय? रुळाखालचं सगळं आधी. आज दोन मालगाड्यांच्या मधे मोठा ब्लॉक (कामासाठी मार्ग बंद ठेवायचा वेळ) मिळतो. रूळ काढा, खोदा, बेडवर तयार बॉक्सचे तुकडे क्रेनने बसवा, भराव थरांनी दाबा, रूळ परत जोडा. लोकल धावू लागल्यावर हेच काम जॅक लावून बॉक्स ढकलून करावं लागतं: थ्रस्ट बेड (जॅकला रेटा देणारा काँक्रीटचा पाया), ड्रॅग शीट (बॉक्ससोबत माती ओढली जाऊ नये म्हणून घातलेला पत्रा), आठवडेच्या आठवडे वेगमर्यादा, आणि पुढच्या कडेखालची माती सुटून रूळ बसण्याची टांगती तलवार. रुळावरून जाणारा पूल त्या मानाने मागाहून केला तरी सोसतो. खांब आणि जोडरस्ते रुळापासून दूर होतात, ब्लॉक लागतो तो गर्डर ठेवण्यापुरता. पण तोवर ते फाटक इंटरलॉकसकट (फाटक बंद झाल्याशिवाय गाडीला सिग्नल मिळत नाही अशा जोडणीसकट) चालवायची तयारी ठेवा.

पंपघर
भुयारं तुंबतात ती बहुधा पंप लहान म्हणून नाही, बाहेरचं पाणी आत येतं म्हणून. उताराच्या तोंडाशी रस्ता आधी 30-40 सेंटिमीटर वर चढवून मग खाली न्या, म्हणजे शेजारच्या रस्त्याचं पाणी आत वळत नाही. उताराच्या अर्ध्यावर एक आणि तळाशी एक आडवी जाळी. सम्प (पाणी गोळा होणारा खड्डा) सगळ्यात खोल बिंदूच्याही खाली, पंप दोन, प्रत्येकी पूर्ण क्षमतेचा. पॅनेल आणि जनरेटर जमिनीवर, भुयारात मुळीच नाही. (खाली बसवलेलं पॅनेल पहिल्याच पुरात जातं, तरी लोक बसवतात!) बॉक्सच्या तुकड्यांमधल्या सांध्यांना वॉटरस्टॉप (पाणी अडवणारी पट्टी) आणि बाहेरून मेम्ब्रेन (जलरोधक थर) भराव टाकण्याआधीच. नंतर आतून ग्राउट (फटी भरणारं पातळ मिश्रण) मारून गळती फक्त शेजारच्या सांध्याला सरकते. भूजल उथळ असेल तर रिकामा बॉक्स आणि त्याला जोडलेला खोलगट उतार तरंगायला बघतो, तेव्हा तो दाबून ठेवणारं वजन किंवा जमिनीत रोवलेले अँकर तपासा.

तिसरा_रूळ
छान. शेतरस्त्यांची तीन फाटकं? त्यातल्या एकावरून शाळेची मुलं पायी जातात.

गेटसिग्नल
तिन्हींना तीन भुयारं देऊ नका. रुळाला समांतर कच्चा रस्ता काढून एकात जोडा, आणि ते एक ऊस भरलेला ट्रॅक्टर-ट्रॉली जाईल एवढं उंच-रुंद करा. जोडरस्ता खुला झाल्याशिवाय जुनी वाट बंद करायची नाही, नाहीतर कुंपण तोडून लोक रूळ ओलांडणारच.

मुलांसाठी पादचारी पूल नको, छोटं भुयार द्या. पुलाला 6.5 मीटर चढून तेवढंच उतरायचं. जिन्याला रॅम्प जोडायचा तर 1:20 ने एकेका बाजूला 130 मीटर, शिवाय मधले सपाट टप्पे. भुयारात मोकळी उंची 2.5 मीटर पुरते, म्हणून खोली 3.75 आणि रॅम्प 75 मीटर. ते सरळ ठेवा, एका तोंडातून दुसरं दिसलं पाहिजे. वळण असलेलं भुयार संध्याकाळी कुणी वापरत नाही.

गर्डरवाला
एक राहिलं. फाटकाच्या रस्त्याखालूनच पाण्याची मुख्य वाहिनी, गॅस, वीज आणि फायबर रूळ ओलांडतात. नकाशांवर भरवसा नको, हाताने चाचणी-खड्डे घ्या. वाहिन्या हलवायचे अर्ज आराखडा पक्का व्हायच्या आधी टाका, कारण काम बहुतेक तिथेच अडतं. आणि नवीन बॉक्सशेजारी दोन रिकामे केसिंग पाइप (ज्यातून नंतर केबल ओढता येते) टाकून ठेवा. पुढच्या केबलसाठी रूळ पुन्हा उकरावे लागणार नाहीत.