गांडूळखताच्या बेडात वाळा साप निघतो, काय करावं?

प्रश्न (दारव्हा, यवतमाळ)
भाऊ, बेडातला शेणाचा थर उकरला की काळपट, चकाकणारे, वीतभरापेक्षाही लहान साप निघतात. पाऊस झाला की न्हाणीच्या मोरीतूनही येतात. गावात म्हणतात कानात शिरतो. हा गांडुळं खातो का? औषध टाकू का?

उत्तर (मोर्शी)
औषध अजिबात टाकू नका, आधी गांडुळंच मरतील. हा वाळा, बिनविषारी. तोंड इतकं लहान की माणसाला चावणं त्याला जमतच नाही. कानाची गोष्ट खोटी. जमिनीत पाणी भरलं की तो कोरडी जागा शोधत वर येतो, एवढंच.
कागदावर ठेवून बघा. गांडूळ ओलं, चिकट, वळ्यावळ्यांचं. वाळा कोरडा, गुळगुळीत, नागमोडी पळतो आणि जीभ बाहेर काढतो. डोळे म्हणजे खवल्याखालचे दोन काळे ठिपके. शेपटीच्या टोकाला काटा असतो, तो टोचला की लोक डंख समजतात.

उत्तर (आर्वी)
त्याचं खाणं मुंग्या आणि वाळवीची अंडी, अळ्या, कोष. म्हणजे तुमच्या बेडात मुंग्या झाल्या आहेत, खरा बंदोबस्त त्यांचा करा. बेडाच्या कडा वाळल्या की मुंग्या घर करतात. मूठभर खत दाबलं तर बोटांच्या फटीत पाणी दिसावं, धार लागू नये. शेडभोवती पाण्याची अरुंद चर ठेवा, बुडाशी पडलेली कुजकी लाकडं हलवा.
गांडुळं कमी होत असतील तर शेण तपासा. ताजं शेण तापतं. हाताला गरम लागलं तर पसरून 15-20 दिवस थंड होऊ द्या, मगच भरा.
खत काढताना 4-5 दिवस आधी पाणी बंद करा, गांडुळं खाली जातात. चाळणीत वाळा आला तर ओल्या मातीच्या मडक्यात घ्या आणि धुऱ्यावरच्या (बांधावरच्या) वारुळाजवळ सोडा. तापलेल्या सिमेंटवर पडला तर सुकून मरतो.

उत्तर (काटोल)
एक भर. वाळ्यात सगळ्या माद्याच असतात आणि नराशिवाय अंडी घालतात. कलमाच्या पिशवीतल्या मातीतून एक जरी आला तरी पुरतो, म्हणून पूर्ण निघेल ही आशा सोडा. तो राहिला तरी नुकसान नाही.
पण उघड्या हातानं उकरू नका. मण्यार वाळे खाते, त्यामुळे तिचं पिल्लूही तिथेच सापडू शकतं. अंगावर पांढरे आडवे पट्टे आणि ठळक डोळे दिसले तर तो वाळा नाही. खुरपी वापरा, रात्री टॉर्च घ्या. चावलं तर दुखत नाही म्हणून थांबू नका, थेट सरकारी दवाखाना गाठा.